पडद्याचा टांगा

माझी बायको मला आयुष्यभर "दगड" म्हणत आली. देवापुढे हात जोडतो तेही शेजारचा जोडतोय म्हणून जोडतो, असं तिचं ठाम मत. ते अगदीच खोटं नाही. भूत, भानामती, मूठ, करणी... असल्या गप्पा रंगल्या की मी पानतंबाखूच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस. त्यामुळे माझ्यासारख्याने असल्या गूढ अनुभवांच्या सदरात लिहावं म्हणजे ओळखीचे लोक म्हणतील, म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणू देत. हे घडलं तेव्हा माझ्याबरोबर आणखी दोन माणसं होती. ती दोघंही आता नाहीत. मी गेलो की सांगणारं कुणी उरत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

गोष्ट सोलापूरची. साल चौतीस-पस्तीस असावं. मी म्युनिसिपालिटीच्या गाडीखान्यात नोकरीला होतो. रस्त्यावर पाणी मारायचे गाडे, कचऱ्याच्या गाड्या, त्यांचे बैल आणि शहरातले भाड्याचे टांगे एवढं सगळं त्या खात्याकडे होतं. त्यातले टांगे माझ्या वाट्याला. घोडा लंगडतो का, कंदील लागतो का, माणसं जास्त कोंबलीत का, हे बघत उन्हातान्हात हिंडायचं. टांगेवाले तोंडावर मला "बिराजदारसाहेब" म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमच्याकडचा गड्डा. लोकांना तेव्हा पाळणे, बांगड्या आणि भाग्यश्रीचे बटाटेवडे वगैरे... नाही, ते वडे नंतरच्या काळातले. म्हातारपणी वर्षांची सरमिसळ होते. तर लोकांना पाळणे आणि बांगड्या दिसत. आम्हाला दिसत खड्डे. आठवडाभर आधी मिरवणुकीच्या वाटेवरच्या फांद्या छाटायच्या, कारण नंदीध्वजाच्या काठ्या माडीच्या वर जातात. पहाटे पाण्याचे गाडे फिरवून धुरळा बसवायचा, म्हणजे मागून बायकांना रांगोळ्या घालता येतात. टांग्यांचे नेहमीचे स्टँड उठवायचे, घोड्यांचे हौद भरायचे, खेड्यांतून येणाऱ्या बैलगाड्या गावाबाहेर सोडायला लावायच्या. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टांग्यांना येण्याची वाट एक आणि जाण्याची दुसरी. स्टेशनाहून निघालेला टांगा सिद्धेश्वराच्या तळ्याजवळच्या पंचकट्ट्याशी यायचाच. तिथे आमची दोरी बांधलेली असायची. दोरीपाशी मी. टांगा मोजूनमापून पुढे सोडायचा, तो वळसा घालून दुसऱ्या वाटेने परत स्टेशनाला. उलट कुणी आला की मी त्याचा बाप काढायला कमी करायचो नाही.

आता एक धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. टांगा दोनच चाकांचा. मागच्या बैठकीवर वजन पडलं की पुढच्या दांड्या वर उचलल्या जातात, याला गाडी उलाळ होणं म्हणतात. मग टांगेवाला पुढे सरकून बसतो आणि तोल साधतो. मागचं माणूस उतरलं की दांड्या खाली येऊन घोड्याच्या पाठीवर टेकतात. मुसलमान घरातल्या बायका टांग्यात बसल्या की मागे चारी बाजूंनी पडदा बांधलेला असे. तो पडदा उघडून बघायचा हक्क कलेक्टरलाही नव्हता, मग मी कोण? त्यामुळे पडद्याच्या टांग्यात माणसं किती, हे आम्ही दांड्यांवरूनच ठरवायचो. दांड्या किती वर आहेत आणि टांगेवाला किती पुढे सरकलाय, एवढं पाहिलं की आत एक बाई आहे का तिघी, ते मी बिनचूक सांगायचो. माझी त्यात पैज लागायची आणि मी कधी हरलो नव्हतो.

इमामभाई हा त्या टांगेवाल्यांतला एक. पन्नाशीचा, उंच, दाढीला मेंदी. बायको प्लेगात गेलेली. एकुलती एक मुलगी, जैनबी. त्याने तिला टांग्यातच वाढवली म्हणा ना. पुढच्या फळीवर बापाच्या मांडीला टेकून बसलेली ती पोर मी नोकरीला लागलो तेव्हापासून बघत होतो. मी घोड्याचे खूर बघायला वाकलो की वरून ओरडायची, "साहेब, शेवंती लाथ मारती हां!" शेवंती म्हणजे घोडी. अन् ती कधीच लाथ मारत नसे. पोरीला माझी टोपी पडलेली बघायची हौस, दुसरं काही नाही.

जैनबीचं लग्न होऊन ती दुधनीला गेली. सोलापूरहून रेल्वेने थोड्या अंतरावरचं बाजाराचं गाव. तेव्हापासून इमामभाईचा एक नेम झाला. गड्ड्यातल्या अक्षतेच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्याच्या दिवशी जैनबी सकाळच्या गाडीने यायची, बाप तिला स्टेशनावरून पडद्याच्या टांग्यातून आणायचा, गड्ड्यात बांगड्या भरवायचा आणि दोन दिवस ठेवून पाठवायचा. बाकी टांगेवाले त्या दिवशी चार पैसे जास्त मिळवायला धडपडत. हा गडी मात्र सकाळपासून स्टेशनावर मुलीसाठी बैठक मोकळी ठेवून उभा. मला म्हणायचा, "आजचा दिस भाड्याचा न्हाय सायेब. आज माझी मालकीन येती."

त्या वर्षी अक्षतेच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दोरीपाशी उभा होतो. उन्हं वर आली होती. कसब्याकडून मिरवणूक निघाल्याचं कळलं होतं आणि तळ्याकडे लोकांचा लोंढा लागला होता. तेवढ्यात गर्दीतून एक तरुण माझ्याकडे आला. धोतराला चिखल, डोळे सुजलेले.

"गाडीखान्याचे साहेब तुम्हीच ना जी? इमाम टांगेवाले कुठं गावतील? मी मेहबूब. जैनबी माझी भावज."

"येईल इकडेच. जैनबीला आणायलाच गेलाय तो."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने डोळ्यांना बाही लावली.

"भाबी गई साहेब. रात्री ताप चढला... फजरच्या नमाजाआधीच गई."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. पोरीचं वय ते काय. मी त्याला बाजूला घेतलं, पाणी दिलं. तो पहाटेच्या मालगाडीच्या गार्डच्या हातापाया पडून आला होता. आधी इमामभाईच्या घरी गेला तर दाराला कुलूप. तिथल्या शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाठवलं. मयत दुपार टळेपर्यंत ठेवायचं कबूल केलं होतं, त्याच्या पुढे थांबणार नव्हते. म्हणजे दुपारची गाडी गाठली तर बापाला मुलीचं तोंड दिसणार. नंतरची गाडी रात्री. तोवर सगळं आटोपलेलं.

"स्टेशनावर जाऊ का मी?" मेहबूबने विचारलं.

मी नको म्हणालो. स्टेशनाकडून माणसांचा पूर येत होता, त्यात दोघांची चुकामूक झाली असती. इमामभाई कुठेही असला तरी याच दोरीपाशी येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आम्हीच तशी वाट आखली होती. एकामागून एक टांगे येत होते, मी सोडत होतो, पण लक्ष कशात नव्हतं. मुलीची वाट बघून कंटाळलेल्या माणसाला आता काय शब्दांत सांगायचं, तेच जुळवत होतो. जुळत नव्हतं.

आणि शेवंती दिसली. गळ्यात झेंडूची माळ घातलेली. मागे हिरव्या छिटाचा पडदा चारी बाजूंनी बांधलेला. इमामभाई फळीच्या अगदी पुढच्या कडेला सरकून बसलेला. दांड्या वर उचललेल्या.

सवयीने माझ्या डोळ्यांनी हिशेब केला - मागे एक बाई आहे. जरा अंगाने भरलेली.

क्षणभर मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! या मेहबूबची काही गफलत झाली असेल, दुसरीच कुणी गेली असेल... माणसाचं मन असल्या वेळी कशालाही धरून ठेवतं. मी मेहबूबकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता.

इमामभाईचा चेहरा नुसता फुललेला. लांबूनच ओरडला, "सायेब, आली बगा माझी मालकीन!"

मी दोरीपुढे गेलो. घोडीचा लगाम धरला. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "कधी आली?"

"गाडी आली आन् ही झुंबड उडाली. तुमचीच ऑर्डर हाय न्हवं, टेशनात घोडं सोडून हलायचं न्हाय? म्या आपला शेवंतीचं तोंड धरून हुबा. पोरगी दिसतच न्हाय. आन् मागनं गाडी उलाळ झाली की! म्हनलं, आली. पडदा सोडलेलाच हुता, गपचिप चढून बसली बगा." तो खाली वाकून हळूच म्हणाला, "औंदा पोरगी चांगली भरलीया सायेब. गेल्या साली येवडं पुढं सरकाया लागलं न्हवतं. सासर मानवलं तिला."

"बोलली का काही?"

"न्हाय. दमली आसंल. म्या बी म्हनलं, रस्त्यात नगं."

मेहबूब माझ्यामागून पुढे आला. त्याला बघून इमामभाई म्हणाला, "आरं, तू बी आलास व्हय? मंग ही एकली कशी काय..." आणि थांबला. मेहबूबचे डोळे त्याने पाहिले होते.

सांगायला वेळ लावून चालणार नव्हतं. दुपारची गाडी डोक्यात टकटक करत होती. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगून टाकलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्याला राग आला.

"काय बोलताय सायेब? मागं बसलीया की ती!"

मेहबूब रडायला लागला. इमामभाईने मान न वळवता मागे हाक मारली, "जैनबी... ए जैनबी... बोल ना गे माँ."

आत काही हललं नाही. दांड्या मात्र तशाच वर. आता मी दगड माणूस, मला सुचलं ते सांगतो. मी टांग्याला वळसा घालून मागे गेलो. कुणी पायरीवर उभं राहिलंय का, कुणी मागून लोंबकळतंय का, पाहिलं. पायरी मोकळी होती. मागच्या टांग्याचा घोडा चांगला दहा-बारा हात लांब होता. आजूबाजूला आमचे शिपाई, दोरी, आणि रस्त्याच्या कडेला लोक. पडद्याला मी हात लावला नाही. लावू शकलो नाही, असं म्हणा.

इमामभाई खाली उतरला. तो उतरल्यावर तर पुढे कुणीच नव्हतं, आणि दांड्या आणखी वर गेल्या. घोडीच्या पोटाखालचा पट्टा ताणला गेला आणि ती दोन पावलं मागे सरकली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मेहबूबनेही पाहिलं. मागची बैठक रिकामी असताना उभ्या टांग्याच्या दांड्या वर जाणं शक्य नाही. ज्याने टांगा हाकलाय त्याला विचारा.

इमामभाईने पडद्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना, त्याने दात लावले. त्याच वेळी पलीकडून "हर्र बोला हर्र" असा गजर उठला, मिरवणूक जवळ आली होती. गाठ सुटली. आणि पडदा बाजूला व्हायच्या आधी, आधी हां, दांड्या सावकाश खाली आल्या. झटका नाही, आवाज नाही. एखादी बाई पोटाशी हात धरून जपून उतरते तशा आल्या आणि शेवंतीच्या पाठीवर टेकल्या.

पडदा बाजूला झाला. आत घडी केलेलं घोंगडं होतं, मुलीला टोचू नये म्हणून त्याने अंथरलेलं. बाकी कुणी नाही.

इमामभाईने त्या घोंगड्यावर तळवा ठेवला आणि तसाच उभा राहिला. मी त्याला खांद्याला धरून हलवलं. "इमामभाई, गाडी मिळाली तर तोंड दिसेल. चला."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा माझाच नियम मोडला. पुढची वळशाची वाट मिरवणुकीने अडली होती, म्हणून टांगा उलटा वळवला. इमामभाईला आणि मेहबूबला मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसून लगाम धरला. शिट्टी तोंडात. पण येण्याच्या वाटेने जायचं म्हणजे काय, हे त्या दिवशी कळलं. सबंध रस्ताभर माणसं. कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी, खांद्यावर म्हातारी. सगळ्यांची तोंडं तळ्याकडे, अक्षता चुकायला नको म्हणून घाई. मी शिट्ट्या मारल्या, ओरडलो, हात जोडले. लोक वाईट नव्हते. कळलं की बाजूला होत होते. पण बाजूला व्हायला तरी जागा कुठे होती? त्यांना त्या वाटेने आम्हीच घातलं होतं, आणि बंदोबस्त चांगला झाला होता, एवढंच.

आम्ही स्टेशनाच्या आवारात शिरलो तेव्हा गाडी सुटलेली होती. शेवटचा डबा दिसत होता. मेहबूब धावला, प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. तिकडे तळ्यावर अक्षता पडल्या असाव्यात, कारण लांबून मोठा गलका ऐकू आला.

मला रडू आवरेना. त्या पोरीचा बाप कोरड्या डोळ्यांनी टांग्याच्या पायरीवर बसलेला आणि मी, परका माणूस, टोपी तोंडाशी धरून रडतोय. शेवंतीने मान वळवून त्याच्या पागोट्याला नाक लावलं. बऱ्याच वेळाने त्याने मेहबूबला जवळ बोलावलं आणि हळू विचारलं,

"बेटा, खरं सांग. पोरगी पोटुशी हुती का?"

मेहबूब दचकलाच. "तुम्हाला कुणी सांगितलं?" मग मान खाली घालून म्हणाला, "पाचवा लागला होता. घरात अम्माला आणि आम्हालाच ठाऊक. कुणाला कळवू दिलं नाही तिनं. गड्ड्याला जाईन तवा अब्बाला मीच सांगीन म्हणायची."

इमामभाई पायरीवर हात फिरवत राहिला.

रात्रीच्या गाडीने तो मेहबूबबरोबर गेला. शेवंतीला मी गाडीखान्याच्या तबेल्यात बांधलं. चार दिवसांनी तो परत आला आणि पुन्हा टांगा जोडला.

मी या गोष्टीचा खूप विचार केलाय. रस्ता चढाचा होता का? नव्हता. दुसरीच कुणी बाई स्टेशनावर चढून वाटेत उतरली असेल? असेल बापडी, पण मग दोरीपाशी दांड्या कोणी वर उचलून धरल्या होत्या? पट्टा सैल होता, घोडी बुजली, उन्हाने माझी नजर फिरली... सगळं करून पाहिलं. त्याच टांग्यात मागे रिकामी बैठक ठेवून मी स्वतः पुढून उतरून पाहिलं. दांड्या हलल्या नाहीत. आमच्या खात्यातल्या एका शिकलेल्या गृहस्थांना सांगितलं तर ते म्हणाले, बिराजदार, रजा घ्या. मी रजा घेतली. उलगडा काही झाला नाही, आज इतक्या वर्षांनीही नाही.

त्यानंतर काही दिवसांनी स्टँडवर टांगेवाले बसले होते. बोलता बोलता एकाने हळहळून म्हटलं, "बिचाऱ्या इमामला पोरीला खांदा द्याया बी मिळाला न्हाय." मुद्दाम लागावं म्हणून नव्हे, मायेनेच म्हणाला. इमामभाई घोडीला खरारा करत होता. त्याने ऐकलं. हातातलं काम टाकून तो माझ्याकडे आला.

"सायेब, ह्यांला सांगा की. तुमी हुता तितं. टेशनापास्नं दोरीपत्तर म्याच आनलं का न्हाय तिला? दोगांला बी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला दगड म्हणणारी बायको त्या वेळी तिथे असायला हवी होती. मी म्हणालो, "होय इमामभाई. दोघांनाही तुम्हीच आणलंत. मी बघितलंय."